माळ्यावर ठेवलेली हत्यारं : जुनं उत्पादन पुन्हा बाजारात कसं येतं

मागच्या व्याख्यानात आपण नवं तंत्रज्ञान जुन्याला कसं बाजूला सारतं ते पाहिलं. टाइपरायटर गेला, पेजर गेला, आपल्याकडची तार १५ जुलै २०१३ ला बंद झाली. अर्थशास्त्रज्ञ शुम्पीटर यांनी याला 'सर्जनशील विनाश' म्हटलं होतं, तेही आपण बोललो. आज नेमकी उलटी गोष्ट घ्यायची आहे. एखादं उत्पादन नव्या तंत्रापुढे साफ हरतं, त्याचे कारखाने बंद पडतात, कामगार घरी बसतात, आणि पंधरा-वीस वर्षांनी तेच उत्पादन परत येतं. कधीकधी तर पूर्वीपेक्षा जास्त किमतीला. हे होतं कसं?

उदाहरणं बरीच आहेत. पण दहा उदाहरणं वरवर पाहण्यापेक्षा एकच नीट उलगडून पाहू, आणि ते म्हणजे मनगटावरचं चावीचं घड्याळ. हार्वर्डमधले एक प्राध्यापक, रायन राफाएली, यांनी याच स्विस घड्याळांवर मोठं संशोधन केलं आहे आणि या प्रकाराला 'तंत्रज्ञानाचं पुनरागमन' असं नाव दिलं आहे. त्यांचा भर मुख्यतः वस्तूचा अर्थ कसा बदलतो यावर आहे. तो मुद्दा आपण घेणारच आहोत. पण त्याआधी एक जास्त रोकडा प्रश्न आहे, की परत यायला मुळात काही शिल्लक राहतं का? आपल्याला तो आधी घ्यावासा वाटतो.

आधी हार नेमकी कशी झाली ते समजून घेऊ. चावीच्या घड्याळात एक मुख्य स्प्रिंग असते. आपण चावी देतो म्हणजे ती गुंडाळतो. ती उलगडायला बघते आणि त्या जोरावर दंतचक्रं फिरतात. नुसतं सोडून दिलं तर ती भर्रकन उलगडून मोकळी होईल. म्हणून तिला दर खेपेला एकच दात पुढे सरकू देणारी एक योजना असते, आणि तिला ताल देतं ते बॅलन्स व्हील. केसासारख्या बारीक स्प्रिंगवर हे चाक इकडून तिकडे झोके घेतं. हल्लीच्या बहुतेक चांगल्या यंत्रांत त्याचे तासाला २८,८०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला आठ. कानाला लावलं की ऐकू येते ती टिकटिक हीच.

आता गंमत बघा. असं घड्याळ दिवसाला दहा सेकंद मागे पडलं तर ते उत्तमच समजलं जातं. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे चूक दहा हजारांत एक-सव्वा. निव्वळ स्प्रिंगा आणि दातेरी चाकं यांच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची? पण सेलवरच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळाची चूक महिन्याला पंधरा सेकंदांच्या आसपास असते. दिवसाला अर्धा सेकंद! क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या कुळातला स्फटिक. त्याला विजेचा सूक्ष्म प्रवाह दिला की तो ठरावीक गतीने थरथरतो. बहुतेक घड्याळांत ही गती सेकंदाला ३२,७६८ कंपनं अशी ठेवतात. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर १ उरतो, आणि निम्मं करणं हे इलेक्ट्रॉनिक सर्किटचं सगळ्यात सोपं काम. सेकंदाला एक ठोका मिळाला, झालं घड्याळ. तेल नको, साफसफाई नको, रोज चावी नको.

सायको या जपानी कंपनीने २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. नाव ॲस्ट्रॉन. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळी जपानमध्ये एक छोटी मोटार यायची तेवढी. त्यामुळे पहिल्या दिवशी कोणी घाबरलं नाही. आणि स्विस लोकांना हे तंत्र माहीत नव्हतं असंही नाही, बरं का. न्यूशातेल या गावात सगळ्या मोठ्या स्विस कंपन्यांनी मिळून एक संशोधन केंद्र काढलं होतं आणि तिथे १९६७ मध्येच क्वार्ट्झ मनगटी घड्याळाचा नमुना तयार झाला होता. म्हणजे 'झोपले होते म्हणून बुडाले' हे जे सर्रास सांगतात ते काही खरं नाही. नमुना होता. पण शेकडो छोट्या कारखान्यांत वाटला गेलेला उद्योग, कोणी चाकं करणार, कोणी काटे, कोणी तबकडी, तो एका झटक्यात इलेक्ट्रॉनिक्सकडे कसा वळणार?

त्यात चलनाने घात केला. १९७० च्या सुमारास एका डॉलरला सव्वाचार फ्रँकच्या वर मिळत. १९७८ च्या अखेरीस दोनसुद्धा मिळेनात. घड्याळात काही न बदलता अमेरिकेत त्याची किंमत दुपटीच्या पुढे गेली. हा भाग गोष्टीतून नेहमी गळतो, कारण 'जपानी स्फटिकाने स्विस स्प्रिंगला हरवलं' ही गोष्ट सांगायला जास्त छान आहे. दोन्ही कारणं एकाच वेळी आली, हे खरं. परिणाम असा, की १९७० मध्ये या उद्योगात सुमारे ९० हजार माणसं कामाला होती, ती १९८० च्या दशकाच्या मध्यावर ३० हजारांच्या आसपास आली. जुरा पर्वताच्या कुशीतली ही गावं आहेत, ला शो-द-फाँ, ल लॉक्ल. तिथे दुसरा धंदाच नव्हता. आपल्याकडे गिरणगावाचं जे झालं ते ज्यांना आठवतं त्यांना या आकड्यामागचं जास्त सांगायला नको.

अशा वेळी कंपन्या काय करतात? यंत्रं भंगारात काढतात. ते शहाणपणाचंच वाटतं. जागा अडते, हिशेबात त्यांची किंमत शून्य झालेली असते, आणि वजनावर थोडे पैसे तरी येतात. त्या काळात अनेक स्विस कारखान्यांतली यंत्रं आणि साचे अशीच वजनावर गेली.

ल लॉक्लमधल्या झेनिथ कंपनीचंही तेच होणार होतं. झेनिथने १९६९ मध्येच 'एल प्रिमेरो' नावाचं यंत्र काढलं होतं. ते स्वतःहून चावी भरून घेणारं, स्टॉपवॉच असलेलं आणि तासाला ३६,००० ठोक्यांचं होतं. म्हणजे सेकंदाला दहा, म्हणून सेकंदाचा दहावा भाग मोजता यायचा. थोड्याच दिवसांत कंपनीची मालकी अमेरिकेतल्या झेनिथ रेडिओ कंपनीकडे गेली. (नाव एकच, कूळ वेगळं. ते रेडिओ आणि टीव्ही करणारे.) १९७५ मध्ये शिकागोहून हुकूम आला, की यांत्रिक घड्याळं बंद, यापुढे फक्त क्वार्ट्झ. यंत्रसामग्री काढून टाका.

तिथे शार्ल व्हेर्मो नावाचे एक कार्यशाळेतले जाणकार होते. त्यांनी वरिष्ठांना लिहून विनंती केली की निदान एक छोटी कार्यशाळा तरी राहू द्या. उपयोग झाला नाही. मग त्यांनी काय केलं, तर साचे, कॅम, कापायची हत्यारं, आराखडे असं सगळं थोडं थोडं करून कारखान्याच्या माळ्यावर नेऊन ठेवलं. नुसतं कोंबून नाही ठेवलं. कुठलं हत्यार कुठल्या कामाचं, कुठल्या टप्प्यावर लागतं, हे लिहून ठेवलं. आपल्याला या गोष्टीतला हा लिहून ठेवण्याचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लोखंड तर कोणीही लपवेल. पण अशा यंत्राचा एकेक बारीक भाग कित्येक टप्प्यांतून जातो, आणि त्या टप्प्यांचा क्रम हरवला तर हत्यारं म्हणजे नुसतं लोखंडच.

पुढे १९७८ मध्ये कंपनी पुन्हा स्विस मालकांकडे आली. १९८० च्या दशकात चांगल्या स्टॉपवॉच यंत्रांना मागणी निघू लागली, तेव्हा लोकांना माळा आठवला. नव्याने सगळे साचे करायचे तर तो खर्च झेपलाच नसता. एल प्रिमेरो पुन्हा सुरू झालं, आणि १९८८ पासून रोलेक्सने आपल्या डेटोना घड्याळासाठी हेच यंत्र घेतलं, त्याचा वेग कमी करून आणि बरेच बदल करून. हा व्यवहार २००० पर्यंत चालला. हुकूम मोडलेल्या एका माणसाच्या माळ्यावर बारा वर्षं रोलेक्सचं स्टॉपवॉच चाललं म्हणा ना.

यातून कोणी असं समजेल की जुनं कधीच टाकू नये. तसं करता येत नाही. प्रत्येक कंपनीने प्रत्येक साचा जपायचा म्हटलं तर ती कंपनी न राहता संग्रहालय होईल. व्हेर्मो यांच्यासारखी कितीतरी माणसं असतील ज्यांनी काही जपलं आणि ते परत कोणाला लागलंच नाही. त्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत येत नाहीत, एवढंच.

आता पैशाकडे येऊ. जुनं जपायचं तर दरम्यानच्या काळात पगार कशातून द्यायचे? स्विस उद्योगाला या मधल्या काळात जगवलं ते चक्क क्वार्ट्झने. दोन मोठे गट बुडीत निघाले होते. एकाकडे ओमेगा आणि तिसो होते, दुसऱ्याकडे लाँजीन आणि घड्याळातली यंत्रं बनवणारी 'एटा' ही कंपनी. कर्ज देणाऱ्या बँकांनी निकोलस हायेक या सल्लागाराला अहवाल करायला सांगितलं. हायेक मूळचे बैरूतचे. त्यांच्या सल्ल्याने १९८३ मध्ये दोन्ही गट एकत्र झाले, आणि पुढे त्यांनीच काही गुंतवणूकदारांबरोबर बहुमताचा वाटा विकत घेतला. तोच आजचा स्वॉच समूह.

स्वॉच हे घड्याळ १ मार्च १९८३ ला झुरिकमध्ये बाजारात आलं. एटामध्ये एर्न्स्ट थोम्के यांच्या हाताखाली एल्मार मॉक आणि जाक म्युलर या दोन तरुण अभियंत्यांनी ते घडवलं होतं. प्लॅस्टिकचं, रंगीत, किंमत ५० फ्रँकच्या आत. नेहमीच्या क्वार्ट्झ घड्याळात नव्वदच्या वर भाग असत, यात ५१. डब्याचा तळ हाच यंत्राचा पाया, आणि वरून काच कायमची डकवलेली. म्हणजे उघडून दुरुस्त करायची सोयच नाही. स्विस घड्याळजीच्या दृष्टीने हा शुद्ध अधर्म होता! पण लाखांनी खपलेल्या या दुरुस्त न होणाऱ्या घड्याळाच्या पैशावर एटाचे कारखाने चालू राहिले, आणि त्याच कारखान्यांत यांत्रिक यंत्रं करणारे हातही कामाला राहिले. पुढे मागणी आली तेव्हा शेकडो स्विस ब्रँडना आतलं यंत्र देणारी कंपनी एटाच होती. शत्रूचं तंत्र उचलायचं, त्यावर पोट भरायचं आणि आपलं जुनं तंत्र मागच्या खोलीत जिवंत ठेवायचं, असं ते चाललं होतं. हे फार ठरवून झालं असं आपण म्हणणार नाही. पण झालं तसं.

आता तिसरी गोष्ट, अर्थ बदलण्याची. इथे एक वल्ली माणूस येतो, ज्याँ-क्लोद बिव्हेर. ओमेगात नोकरी केलेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आणि जाक पिगे यांनी ब्लाँपां हे बंद पडलेलं नाव विकत घेतलं, २२ हजार फ्रँकच्या आसपास. कारखाना नाही, कामगार नाहीत, नुसतं नाव. पण पिगे यांच्या घरची कंपनी उत्कृष्ट यांत्रिक यंत्रं बनवत होती. म्हणजे एकाकडे नाव आणि बोलायची कला, दुसऱ्याकडे यंत्र. मग बिव्हेरने जाहिरात केली, तिचा आशय असा, की १७३५ पासून ब्लाँपांने कधीही क्वार्ट्झ घड्याळ बनवलेलं नाही आणि यापुढेही बनवणार नाही.

यातली लबाडी बघा. क्वार्ट्झच्या ऐन धामधुमीत हे नाव बंदच पडलेलं होतं. नव्हतंच तर बनवणार कुठून! पण वाक्य खोटं नव्हतं, आणि त्याने एक मोठं काम केलं. तोपर्यंत सगळे यांत्रिक घड्याळवाले अचूकतेवर लढत होते, म्हणजे जिथे हार ठरलेलीच होती त्याच मैदानावर. बिव्हेरने मैदान सोडलं. वेळ किती बरोबर दाखवतं हे विचारूच नका, हे कोणी आणि कसं बनवलं ते विचारा, असा त्याचा पवित्रा. एकदा प्रश्न बदलला की स्पर्धकही बदलतात. मग आपलं घड्याळ सायकोशेजारी ठेवायचं नाही, दागिन्यांशेजारी, चित्रांशेजारी ठेवायचं. १९९२ मध्ये हेच ब्लाँपां हायेक यांच्या समूहाने सुमारे ६ कोटी फ्रँकना घेतलं. २२ हजारांचे सहा कोटी, दहा वर्षांत.

मात्र याचं सगळं श्रेय जाहिरातीला दिलं तर आपण फसू. कंपन्यांच्या आधी ग्राहक बदलायला लागले होते. जिनिव्हात १९७४ पासून ओस्वाल्दो पात्रिझ्झी यांनी घड्याळांचे लिलाव सुरू केले होते. जुनी यांत्रिक घड्याळं गोळा करणारे हौशी लोक तिथे जमायचे. कारखाने ज्या वस्तू भंगारात घालत होते त्यांनाच तिथे बोली लागत होती! १९८९ मध्ये पाटेक फिलिपच्या घड्याळांचा एक मोठा लिलाव झाला आणि त्यात 'कॅलिबर ८९' हे खिशातलं घड्याळ ३० लाख डॉलरच्या वर गेलं. चावीच्या घड्याळाला एवढे पैसे कोणीतरी मोजतं हे जगाला दिसलं. कंपन्यांनी मग त्याच हौशी मंडळींकडून शिकून घेतलं, की लोकांना यात नेमकं आवडतं काय.

आणि आवडत होतं ते आतलं यंत्र. म्हणून घड्याळाची पाठ पारदर्शक झाली. पूर्वी मागचं झाकण स्टीलचं असायचं, आत काय चाललंय ते फक्त घड्याळजीला ठाऊक. आता नीलमण्याच्या जातीची काच लावून चाकं, झोके, माणिकाचे तांबडे ठिपके सगळं दाखवायला लागले. आपल्याकडे तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असायचं आणि लोकांना वाटायचं आत रत्नं आहेत, काढून विकता येतील. ते कृत्रिम माणकाचे बारीक तुकडे, चाकांचे आस घासू नयेत म्हणून बसवलेले. विकायला गेलं तर चहाचे पैसे सुटणार नाहीत.

अजून एक गोष्ट, जी कंपन्या मोठ्याने सांगत नाहीत. परत आलेलं 'जुनं' उत्पादन आतून बरंच नवं असतं. सुटे भाग संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर कापले जातात. २००१ पासून काही घड्याळांत सिलिकॉनचे भाग आले. होय, तेच सिलिकॉन, ज्याच्या चिपने या उद्योगाला लोळवलं होतं. ते लोहचुंबकाला दाद देत नाही, त्याला तेल जवळजवळ लागत नाही, आणि ते चिपसारखंच कोरून काढतात. हाताने घडवलेली परंपरा म्हणून आपण जे विकत घेतो त्यात हाताचं काम किती आणि यंत्राचं किती, हे किमतीनुसार खूप बदलतं. गिऱ्हाइकाने ते विचारायला हरकत नाही.

आता थोडं बाजूला, दुसऱ्या एका वस्तूकडे, कारण हत्यारं टिकली नाहीत तर काय होतं ते तिथे दिसतं. पोलरॉइडचा झटपट फोटो तुम्हाला आठवत असेल. फेब्रुवारी २००८ मध्ये कंपनीने फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेचा कारखाना मोडीत निघणार, तेवढ्यात काही हौशी लोकांनी आणि तिथल्याच जुन्या जाणकारांनी शेवटची यंत्रं वाचवली. यंत्रं मिळाली, माणसं मिळाली. पण फिल्मला लागणारी रसायनं आणि थर बनवणारे पुरवठादार तोवर बंद झाले होते. म्हणजे ताट आहे, वाढपी आहे, पण शिधाच नाही. त्यांना फिल्म जवळजवळ नव्याने शोधावी लागली. २०१० मध्ये पहिल्या फिल्म आल्या त्या लहरी होत्या. उजेडात आल्या की चित्र बिघडायचं, रंग उडायचे. धड फिल्म व्हायला वर्षं गेली, आणि त्या वर्षांत गिऱ्हाइकांनी पैसे देऊन ती खराब फिल्म घेतली म्हणून कंपनी जगली. पुढे त्यांनीच पोलरॉइड हे नाव विकत घेतलं.

ग्रामोफोनच्या तबकड्यांचंही असंच नाजूक आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये त्या सीडीपेक्षा जास्त नग विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदा. पण मूळ ध्वनिमुद्रण ज्या लाखेच्या थराच्या चकतीवर कोरतात ती चकती जगात दोनच कंपन्या बनवत होत्या, आणि त्यातल्या अमेरिकेतल्या कारखान्याला फेब्रुवारी २०२० मध्ये आग लागली. मागणी परत येते लवकर, पण तिच्यामागची पुरवठ्याची साखळी तेवढ्या लवकर परत येत नाही.

आता आपल्या घरी येऊ. इथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या बहुतेकांचं पहिलं घड्याळ एचएमटीचं असणार. दहावीला चांगले मार्क मिळाले म्हणून, नाहीतर लग्नात सासऱ्यांकडून. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरात हा कारखाना सुरू झाला. 'जनता' या चावीच्या घड्याळाचं नावच सगळं सांगतं. मग १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने टायटन काढली. तिने क्वार्ट्झ आणि देखणेपणा यांवर डाव लावला आणि बाजार बघता बघता फिरला. एचएमटीकडेही क्वार्ट्झ होतं, पण तिचा जीव चावीच्या घड्याळातच अडकलेला. तोटा वाढत गेला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

वेळ बघा. जगभर यांत्रिक घड्याळांना सोन्याचे दिवस आलेले, आणि आपल्याकडे यांत्रिक घड्याळं करणारा सगळ्यात मोठा कारखाना त्याच वेळी बंद होतोय. तेव्हापासून जुन्या 'जनता', 'पायलट' घड्याळांना संग्राहकांची मागणी आहे, परदेशातूनसुद्धा. इतकी, की जुनी यंत्रं साफ करून, तबकडी नव्याने रंगवून, कसलेही काटे बसवून विकायचा एक धंदाच उभा राहिला. जगभरच्या संग्राहकांत अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ते काही कौतुकाने म्हणत नाहीत! पण त्यातही एक गोष्ट दिसते. मागणी होती, यंत्रं होती, दुरुस्त करणारे हात होते. नव्हता तो त्यांना एकत्र बांधणारा कारखाना.

मग एचएमटीचं ब्लाँपां का नाही झालं? सरकारी कारभार, उशिरा निर्णय, हे सगळे सांगतात आणि त्यात तथ्य आहेच. पण आपल्याला वाटतं अडचण आणखी खोल होती. स्विस घड्याळवाल्यांना आपल्या वस्तूचा अर्थ बदलून ती श्रीमंतांची करता आली. एचएमटीचा अर्थच मुळी परवडण्यात होता. जे सगळ्यांच्या मनगटावर होतं ते दुर्मीळ म्हणून विकायचं कसं? ते दुर्मीळ झालं ते बंद पडल्यावरच. आणि बंद पडलेल्या कारखान्याला त्या दुर्मीळपणाचा फायदा मिळत नाही, तो मिळतो जुन्या बाजारातल्या विक्रेत्याला. याउलट फावर-ल्युबाचं पाहा. मुंबईशी एकोणिसाव्या शतकापासून नातं असलेला हा स्विस ब्रँड आपल्या आजोबांच्या पिढीला घरचाच वाटायचा. तो २०११ मध्ये टायटनने घेतला, २०२३ मध्ये एथॉस या भारतीय कंपनीच्या समूहाकडे गेला आणि २०२४ मध्ये जिनिव्हात पुन्हा सादर झाला. नाव तेच, पण आजोबांनी पगारातून हप्त्याने घेतलं ते घड्याळ हे नव्हे.

हेच स्वित्झर्लंडलाही लागू आहे, म्हणून पुनरागमनाचा हिशेब पूर्ण मांडू. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात स्विस लोक वर्षाला आठ कोटींहून जास्त घड्याळं आणि यंत्रं बाहेर पाठवत. २०२३ मध्ये त्यांनी सुमारे १ कोटी ६९ लाख घड्याळं निर्यात केली. नग एक-पंचमांश. पण घड्याळ उद्योगाच्या निर्यातीची रक्कम सुमारे २६.७ अब्ज फ्रँक झाली, आणि घड्याळांच्या किमतीत तीन-चतुर्थांशाहून अधिक वाटा यांत्रिकांचा. माणसं ३० हजारांवरून पुन्हा साठ हजारांच्या वर गेली, नव्वदपर्यंत मात्र पोचली नाहीत. जे १९७५ मध्ये चाळिशीत घरी बसले त्यांच्यासाठी तर यातलं काहीच परत आलं नाही. २००० च्या सुमारास कुशल घड्याळजी हवे झाले तेव्हा ती माणसं निवृत्त होती, आणि मधल्या पिढीने हा धंदा शिकलेलाच नव्हता. २०२० मध्ये युनेस्कोने जुरा भागातल्या यांत्रिक घड्याळांच्या कारागिरीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. चांगलंच झालं. पण वारसा म्हणून गौरव होतो तेव्हा ती वस्तू रोजच्या वापरातून गेलेली असते, हेही त्यात आलंच.

वेळ संपत आली आहे, आणि चिठ्ठ्यांमध्ये स्मार्टवॉचबद्दलचा प्रश्न सारखा येतोय, तेव्हा तो घेऊनच थांबू. उद्योगाच्या अंदाजांनुसार २०१९ मध्ये एकट्या ॲपलची घड्याळं सबंध स्विस उद्योगापेक्षा जास्त खपली. पण यात मार बसला तो प्रामुख्याने स्वस्त क्वार्ट्झ घड्याळांना, म्हणजे एकेकाळच्या विजेत्याला. महागड्या यांत्रिकांना विशेष धक्का लागला नाही, कारण ती त्या मैदानावर खेळतच नव्हती. २०१५ मध्ये टॅग हॉयर या स्विस कंपनीनेही स्मार्टवॉच काढलं, किंमत १,५०० डॉलर. तेव्हा तिथे प्रमुख कोण, तर आपले ब्लाँपांवाले बिव्हेर. त्यांनी ग्राहकाला एक सवलत दिली होती. दोन वर्षांनी हे स्मार्टवॉच जुनं झालं की ते परत आणा, आणखी १,५०० डॉलर भरा आणि त्या बदल्यात यांत्रिक घड्याळ घेऊन जा.

आता बाकीच्या चिठ्ठ्या घेऊ या.